बागेत गडगडलं, तर जायचं कुठे?

गेल्या वर्षी दसरा उलटून आठवडा झाला असेल. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि मी नातवाला घेऊन गोव्यातल्या एका बागेत गेले होते. बाग कुठली ते लिहीत नाही, कारण ती एकटीच तशी नाही. समुद्राच्या बाजूला लख्ख ऊन होतं आणि पूर्वेला, घाटाच्या अंगाला, आभाळ काळंनिळं झालेलं. पहिल्यांदा गडगडलं तेव्हा कुणी मान वर केली नाही. दुसऱ्यांदा गडगडलं तेव्हा शेजारच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले, "घाटार पडटा, हांगा पावपाक वेळ आसा." (घाटावर पडतोय, इथे पोचायला वेळ आहे.) तिसऱ्या वेळी टपोरे थेंब आले आणि एकच पळापळ झाली.

लोक कुठे पळाले ते मी नीट पाहिलं. मुलांच्या आया पर्जन्यवृक्षाखाली गेल्या, कारण तिथे जमीन कोरडी होती. रोज चालायला येणारा ज्येष्ठांचा घोळका 'छत्री'त शिरला. छत्री म्हणजे चार लोखंडी खांबांवर पत्रा, भिंत एकाही बाजूला नाही. तरुण मंडळी फाटकाबाहेर स्कूटरींकडे धावली, डिकीतून रेनकोट काढून झाडाखालीच उभं राहून घालू लागली. ओपन जिममधला एक मुलगा तर मशीनवरून उतरायलाच तयार नव्हता. मी नातवाला ओढत स्वच्छतागृहाकडे नेलं. वर स्लॅब, चारही बाजूंना चिऱ्यांच्या भिंती, आत नळ आणि वायरिंग. त्या अख्ख्या बागेत वीज पडताना माणसाने असावं अशी ती एकमेव जागा. दाराला कुलूप होतं.

"पाच वाजता बंद होतं, बाई," वॉचमन म्हणाला. सफाईवाली पाचला जाते, मग घाण होते म्हणून कुलूप. किल्ली सुपरवायझरकडे. सुपरवायझर दुसऱ्या बागेत.

पुढे काही झालं नाही. वीसेक मिनिटांत पाऊस थांबला, शेंगवाल्याने गाड्यावरची ताडपत्री काढली आणि मंडळी पुन्हा गोल गोल चालू लागली. काही झालं नाही, हीच या विषयाची अडचण आहे. दरवेळी काही होत नाही, म्हणून कुणाला काही करावंसं वाटत नाही.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच, की बागेत विजेपासून सुरक्षित राहणं ही बागेत येणाऱ्याच्या अकलेवर सोडायची गोष्ट नाही. ती बाग ज्याची आहे त्याची जबाबदारी आहे. आणि ती पार पाडायला लागतात दोनच गोष्टी: एक उघडी पक्की खोली, आणि शिट्टी मारून लोकांना तिथे पाठवण्याचा अधिकार असलेला एक माणूस.

गोव्याला ही कल्पना नवी नाही. किनाऱ्यावर आपण ती कधीच स्वीकारली आहे. जीवरक्षक लाल बावटा लावतो, पाण्यात कुणी जास्त पुढे गेलं की शिट्टी वाजवतो, आणि दिल्ली-मुंबईचा पर्यटक कितीही कुरकुरला तरी मागे येतो. समुद्र धोक्याचा आहे हे त्या पर्यटकाला कळत असतं-नसतं. ते कळण्यावर आपण त्याचा जीव सोपवत नाही. बागेत मात्र आपण अगदी तेच करतो. फाटकावर पाटी असते, 'फुले तोडू नये', 'हिरवळीवर चालू नये'. आभाळ फाटलं तर काय करावं यावर एक ओळ नाही.

आपल्याकडे पावसाची भीती जून-जुलैला जोडलेली आहे. तेव्हा धो धो कोसळतं, रस्ते बुडतात, झाडं पडतात. पण मोसमी पावसाच्या भरात विजा त्या मानाने कमी असतात. विजांचे दिवस ते नव्हेत. ते एप्रिलच्या उत्तरार्धापासून मृगाच्या तोंडापर्यंत, आणि मग परतीच्या पावसात, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. दिवसभर जमीन तापते, दमट हवा वर चढते, सह्याद्रीच्या माथ्यावर दुपारनंतर ढग उभे राहतात आणि संध्याकाळी वाऱ्याने इकडे सरकतात. म्हणजे वेळ नेमकी कुठली? चार ते आठ. मे महिन्यात शाळांना सुट्टी, मुंबई-पुण्याहून भाचरं आलेली, घरात उकाडा, सगळी बागेत. ऑक्टोबरात पाऊस संपला या समाधानात बागा पुन्हा भरायला लागलेल्या, गावोगावी मैदानात फुटबॉल, आणि दिवाळीच्या तोंडावर रात्रीरात्री उघड्यावर नरकासुराचे पुतळे बांधणारी पोरं. बाग सर्वांत भरलेली असते तीच विजेची वेळ, हा योगायोग नाही. उकाडाच दोघांना बाहेर काढतो, ढगालाही आणि माणसालाही.

देशाचे आकडे सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात नैसर्गिक आपत्तींत ८,०६० माणसं गेली. त्यांतली २,८८७ विजेने. पूर, दरड, उष्माघात, थंडी या सगळ्यांपेक्षा वीज पुढे. आदल्या वर्षीचा आकडाही जवळजवळ तेवढाच, २,८८०. यांतली बहुतेक माणसं शेतात राबणारी, गुरं राखणारी. बागेत फिरायला येणारा मध्यमवर्गीय या आकड्यांत फारसा नाही हे मान्य. पण तो अगदी नाही असंही नाही. मार्च २०२१ मध्ये गुरुग्राममधल्या एका वसाहतीच्या आवारात बागकाम करणारे चौघे पावसापासून आडोसा म्हणून झाडाखाली उभे होते. वीज झाडावर पडली आणि चौघेही जागीच कोसळले. ते चित्रण सीसीटीव्हीत आलं आणि देशभर फिरलं. चौघांपैकी एक गेला. माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट अशी की ते चौघे बागेचे कर्मचारी होते. पाहुणे घरी जातात. माळी, वॉचमन, सफाईवाली जात नाहीत. आपण या प्रश्नाला 'नागरिकांची सुरक्षितता' म्हणतो, तेव्हा बागेत आठ तास उभा असलेला माणूस त्यात धरत नाही.

दुसरं उदाहरण श्रीमंत देशाचं. ४ ऑगस्ट २०२२ च्या संध्याकाळी वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाऊससमोरच्या लाफायेत पार्कात चौघे झाडाखाली उभे होते. वीज पडली, तिघे गेले. जगात सर्वांत कडक पहारा असलेल्या जागांपैकी ती एक. पहारेकरी काही क्षणांत धावले, छातीवर दाब देऊ लागले, तरी तिघे वाचले नाहीत. अमेरिकेत १९४० च्या दशकात वर्षाला तीनशेच्या वर माणसं विजेने मरत. आता तो आकडा वीसच्या आसपास असतो. शेतावर राबणारे कमी झाले हे त्याचं एक कारण. दुसरं असं की गडगडलं की आत, ही एक गोष्ट त्यांनी शाळेत, मैदानावर, गोल्फच्या हिरवळीवर इतकी घोटून घेतली की ती सवय झाली.

झाडाखाली का नको, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच पुरतं माहीत नाही. आपल्याला वाटतं, वीज झाडावर पडेल आणि झाड पेटेल किंवा फांदी पडेल. खरा धोका वेगळा. ओलं असलं तरी झाडाचं लाकूड विजेला तितकं सोपं नसतं. माणसाचं शरीर, निम्म्याहून अधिक खारं पाणी, त्यामानाने सोपं. म्हणून बुंध्यावरून उतरणारा प्रवाह हातभर अंतरावरच्या माणसावर उडी मारतो. आणि जो उडी मारत नाही तो जमिनीत जाऊन चहूकडे पसरतो. तुमचा एक पाय झाडाच्या जवळ, दुसरा दोन फूट लांब; दोन पायांखालच्या विद्युतदाबात फरक पडतो आणि वीज एका पायाने वर चढून दुसऱ्याने उतरते. थेट डोक्यावर वीज पडून मरणारे थोडे. या पसरलेल्या प्रवाहाने आणि बाजूच्या उडीने जाणारे बरेच. गुरांचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात म्हणून एका विजेने अख्खा कळप मरतो. ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्वेतल्या एका पठारावर ३२३ रेनडिअर एकाच वादळात मेली, एकमेकांना खेटून उभी होती तशीच.

त्यात आपली जमीन जांभ्याची. गोव्यात घराचं अर्थिंग करताना इलेक्ट्रिशियन खड्ड्यात कोळसा आणि मीठ का ओततो, विचारून पाहा. "बाई, हा चिरा करंट पीत नाही," असं आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, कोरड्या, खडकाळ जमिनीत प्रवाह सहजी मुरत नाही, आडवा पसरतो. आणि आपल्या निम्म्या बागा, जॉगिंग ट्रॅक, मैदानं सड्यावर नाहीतर टेकडीच्या माथ्यावर आहेत. तिथे हवा चांगली, दृश्य चांगलं आणि जमीन स्वस्त. विजेलाही उंच, मोकळी, एकटी जागाच आवडते.

छत्रीचं, म्हणजे उघड्या मंडपाचं, तेच. पत्र्याने पाऊस अडतो, म्हणून ती सुरक्षित वाटते. ती उघड्यावर उभं राहण्यापेक्षा बरी नाही. लोखंडी खांबाला टेकून उभं राहिलात तर वाईटच. सुरक्षित जागा कुठली हे ठरवायची साधी खूण आहे: छप्पर, भिंती, आणि भिंतीत वायर-नळ. वीज पडली तर ती वायरी-नळांतून जमिनीत जाते, म्हणून आतल्या माणसाने त्यांना हात लावायचा नाही, एवढंच. बंद काचांची चारचाकी चालते. टायर रबरी असतात म्हणून नव्हे, तर पत्र्याचं कवच वीज बाहेरून वाहून नेतं म्हणून. स्कूटर चालत नाही. ही गोष्ट गोव्यात मोठ्या अक्षरांत लिहायला हवी, कारण आपण घरटी दोन स्कूटरी असलेले लोक आहोत आणि 'गाडीत बसा' हा सल्ला आपल्यापैकी अर्ध्यांना लागूच नाही.

पणजीचं नशीब चांगलं. चर्चसमोरच्या गार्सिया दा ऑर्ता बागेत गडगडलं तर रस्ता ओलांडला की चहूकडे दुकानं, कचेऱ्या, समोर चर्च. त्या बागेला नवी खोली नको. कुठल्या बाजूला जायचं ते दाखवणारे चार बाण पुरे. बँडस्टँडवर गर्दी करू नका, हेही तिथेच लिहावं लागेल, कारण पाऊस आला की पाय आपोआप तिकडे वळतात. खरी पंचाईत आहे ती गावाबाहेरच्या, नदीकाठच्या, टेकडीवरच्या बागांची, जिथून पक्कं घर पाच-सात मिनिटांवर आहे. वीज पाच मिनिटं देत नाही.

वेळेवरून आठवलं. लहानपणी गडगडायला लागलं की आजी आम्हा पोरांना माजघरात ओढायची आणि अर्जुनाची दहा नावं म्हणायला लावायची. अर्जुन, फाल्गुन, पार्थ, किरीटी... कोकण-गोव्यातल्या घरोघरी हे असे. कॉलेजात गेल्यावर मी त्याला हसले. आता वाटतं, त्यात तीन गोष्टी चोख होत्या: पोरं आत यायची, दारा-खिडक्यांपासून लांब बसायची, आणि गडगडाट थांबेपर्यंत म्हणत राहायची. चौथी मी आता नातवाला शिकवते. वीज चमकली की नावं सुरू करायची. दहा नावं सावकाश म्हणायला साधारण दहा सेकंद लागतात. आवाज तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो, म्हणजे दहा नावं संपता संपता गडगडलं तर वीज तीनेक किलोमीटरवर. तीन वेळा म्हणून व्हायच्या आत ऐकू आलं तर दहा किलोमीटरच्या आत, म्हणजे पुढची वीज तुमच्या डोक्यावर पडू शकते. पाऊस तुमच्यापर्यंत पोचलेला असो वा नसो. शेजारच्या गृहस्थांचं 'घाटार पडटा' इथेच चुकत होतं. मुळात मोजत बसायचीही गरज नाही; गडगडाट ऐकू आला याचा अर्थच आपण विजेच्या टप्प्यात आलो.

आजीची दुसरी समजूत मात्र टाकून द्यायला हवी: पायाळू माणसावर वीज पडते. माझा एक मामा पायाळू, त्या बिचाऱ्याला वळवाच्या पावसात कुणी जवळ उभं करून घेत नसे. रॉय सलिव्हन नावाचा अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय उद्यानातला रक्षक १९४२ ते १९७७ या काळात सात वेळा वीज अंगावर झेलून जगला. त्याचं कारण जन्माच्या वेळी पाय आधी आले की डोकं, यात नव्हतं; नोकरीच वादळात डोंगरावर उभं राहण्याची होती. पुन्हा तेच. बागेचा कर्मचारी.

आता नगरपालिकेत हा विषय काढला तर काय होईल ते मला ठाऊक आहे. टेंडर निघेल. बागेच्या मधोमध एक उंच खांब, त्यावर चकचकीत टोक, आणि 'इतक्या मीटरच्या परिघात संपूर्ण संरक्षण' अशी पाटी. असे खांब विकणारे शंभर-शंभर मीटरचा दावा करतात. वीजरोधक ही उत्तम गोष्ट आहे, पण तो इमारतीसाठी असतो. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात तो सुचवला तेव्हापासून त्याचं काम एकच: वीज आपल्यावर घेणं आणि जाड पट्टीने जमिनीत उतरवणं. ती जमिनीत उतरते म्हणजे कुठे? तुमच्या पायांखालीच. आपल्या देशानेही स्वीकारलेलं आयएस/आयईसी ६२३०५ हे प्रमाणक बांधकामांच्या रक्षणाचं आहे, आणि करामती टोकाला त्यात जादा गुण नाहीत. मोकळ्या हिरवळीवरच्या माणसाला खांब वाचवत नाही. उलट "खांब आहे ना" म्हणून तो तिथेच थांबतो. स्वच्छतागृहावर किंवा वॉचमनच्या खोलीवर वीजरोधक बसवा, त्याचं अर्थिंग दर उन्हाळ्यात तपासा, याला माझी ना नाही. पण खांबाचं उद्घाटन होतं, कुलूप उघडण्याचं होत नाही; म्हणून भीती वाटते.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे मोबाईलवरचा इशारा. हवामान खात्याचं गोव्यातलं केंद्र पणजीत आल्तिनोवर आहे, रडार आहे, दर तीन तासांचे ताजे इशारे निघतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिघातली वीज दाखवतं. ही सगळी चांगली माणसं आहेत, चांगलं काम करतात. पण मला येणारा संदेश असा असतो: जिल्ह्यात एक-दोन ठिकाणी गडगडाटासह पावसाची शक्यता. मे महिन्यात तो जवळजवळ रोज येतो. त्यावर कुणी रोज बाग बंद ठेवणार नाही, ठेवूही नये. झोका ढकलणारी आई हातात मोबाईल धरून बसत नाही, आणि बाकावरचे आजोबा तो घरीच ठेवून येतात. संदेश जिल्ह्याला येतो, वीज एका झाडावर पडते. या दोहोंच्या मधलं अंतर माणसानेच भरून काढायचं असतं, तिथे उभं राहून, कान उघडे ठेवून. दामिनी वॉचमनच्या फोनवर असावी, हे मात्र खरं.

"गोव्यात विजेने माणसं मरतात तरी किती?" असं एका परिचितांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचं राज्य; इथे कुठलाही आकडा लहानच दिसणार. खर्च फार असता तर मीही आधी रस्त्यांवरचे खड्डे बुजवा म्हटलं असतं. तिथे माणसं जास्त मरतात. पण इथे खर्च कसला? एक कुलूप उघडं ठेवायचं, एक शिट्टी विकत घ्यायची, दहा ओळींचा आदेश टंकायचा. बागेला नवी खोली लागलीच तर ती स्वच्छतागृह म्हणून, वाचनालय म्हणून, माळ्याची अवजारं ठेवायला वर्षभर वापरता येईल. विजेसाठी म्हणून वेगळं काहीच बांधायचं नाही. या घडीला तर बागेच्या आराखड्यात छत्री असते, सेल्फी पॉइंट असतो, कारंजं असतं, आणि माणसं आत मावतील अशी खोली नसते.

आदेशात काय असावं? गडगडाट ऐकू आला की शिट्टी. झोपाळे, घसरगुंडी, ओपन जिम आधी रिकामं करायचं. साखळ्या आणि लोखंड हातात असलेलं मूल सर्वांत आधी. मग सगळ्यांना खोलीत, ती पुरत नसेल तर नेमून दिलेल्या शेजारच्या इमारतीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी बाहेर नाही. हा अर्धा तास लोकांना सर्वांत जड जाणार, कारण पाऊस थांबून ऊन पडलेलं असतं आणि वीज मागे राहिलेल्या ढगातून येऊ शकते हे डोळ्यांना पटत नाही. आणि फाटक बंद करून लोकांना रस्त्यावर काढायचं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे 'बंद करा' हा सगळ्या प्रश्नांवरचा पहिला उपाय असतो. बाहेर काढलेली माणसं फाटकाशेजारच्या झाडाखालीच उभी राहतात. त्या संध्याकाळी तेच पाहिलं.

पूर्वी सांगत, उघड्यावर सापडलात तर उकिडवे बसा, पाय जुळवा. अमेरिकेच्या हवामान सेवेने हा सल्ला देणं आता सोडून दिलं आहे, कारण त्याने फारसा बचाव होत नाही आणि बसून राहिलेला माणूस पळत नाही. भिंतीवर उकिडव्या माणसाचं चित्र काढण्यापेक्षा खोलीकडचा बाण काढावा.

मैदानांनाही हे सगळं लागू आहे, आणि फुटबॉलच्या गोव्यात जास्तच. नोव्हेंबर २०२४ मध्ये पेरू देशातल्या चिल्का इथे वादळामुळे पंचाने सामना थांबवला, खेळाडू मैदानाबाहेर चालत निघाले, आणि चालता चालता वीज पडली, एकजण गेला. पंचाने शिट्टी वाजवली होती. फक्त उशिरा. आपल्या गावच्या मैदानावर ती कुणी वाजवायची हेच ठरलेलं नाही. आयोजक म्हणतो पंच, पंच म्हणतो आयोजक, आणि दोघेही प्रेक्षकांतल्या बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांकडे बघतात.

कायद्याने जबाबदारी कुणाची, हा वाद घालण्यासारखा नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चं कलम ४१ स्थानिक संस्थेवर आपल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचं आणि साधनं तयार ठेवण्याचं काम टाकतं. जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. म्हणजे एका सहीचं काम. मे उजाडायच्या आधी सही झाली तर बरं.

प्रशिक्षणात एक गोष्ट तरी हवीच. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावायला भिऊ नये. वीज लागलेले बहुतेक जण जगतात; जे जातात त्यांचं हृदय किंवा श्वास त्या क्षणी थांबलेला असतो. तो थांबलेला दिसला तर १०८ ला फोन आणि लगेच छातीच्या मधोमध जोरात, भरभर दाब, गाडी येईपर्यंत. चौघे पडले असतील तर आधी निपचित पडलेल्याकडे धावायचं, कण्हणाऱ्याकडे नंतर. नेहमीच्या समजुतीच्या हे उलट आहे, म्हणूनच शिकवावं लागतं.

आणखी एक. या लेखाचा आधार घेऊन कुणी बागेतला पर्जन्यवृक्ष तोडायला निघू नये. गोव्यात झाड पाडायला निमित्तच हवं असतं. फांदी पडली की करवत येते, तशी उद्या वीज म्हणूनही येईल. झाडाचा काही दोष नाही. वीज तिथे पडायचीच तर झाडावर पडू दे. आपण त्याच्याखाली नसावं, एवढीच गोष्ट आहे.

नोव्हेंबरात त्याच बागेत पुन्हा गेले, तेव्हा वॉचमनशी सावकाश बोलणं झालं. सत्तरी तालुक्याकडचा माणूस. घरची काजूची बाग आहे, त्यामुळे विजेविषयी त्याला मी शिकवण्यासारखं काही नव्हतं. वळवाच्या पावसात बोंडं गोळा करायला गेलेल्या बायका गडगडलं की कशा टोपल्या टाकून घर गाठतात ते त्यानेच मला सांगितलं. मग म्हटलं, तू शिट्टी मारून इथल्या लोकांना का नाही हलवत? शिट्टी तर खिशाला अडकवलेलीच आहे. तो हसला. तो कंत्राटावर, महिन्याच्या महिन्याला. मागे एकदा त्याने झाडाखालच्या एका साहेबांना उठवलं होतं, तर साहेबांनी थेट ऑफिसात फोन केला होता. पालिकेचं लेखी काही असतं तर तो साहेबांना दाखवू शकला असता.

"तुमी कागद हाडात," (तुम्ही कागद आणा) तो म्हणाला, "हांव शिट्टी मारतां."